वाघ मारणारं .२२ काडतूस? सॅव्हेज हाय-पॉवरच्या दंतकथेला मुद्देसूद उत्तर

जुन्या रायफलींची आवड असलेल्या मंडळींत एक मजकूर सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: १९१२ सालच्या '.२२ सॅव्हेज हाय-पॉवर' (.२२ म्हणजे नळीची रुंदी, इंचांत) या चिमुकल्या काडतुसाने चीनमध्ये वाघ लोळवले. गोळीला वेग असला की वजन लागत नाही, हे त्याने तेव्हाच सिद्ध केलं. पुढे कंपन्यांनी त्याला मुद्दाम संपवलं. आज बंदुकीची नवी दारू, दुकानात मिळणाऱ्या साध्या .२२ च्या गोळ्या आणि .३०-३० या जुन्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या (पितळी कवचं) घेऊन घरी काडतुसं भरली, तर ते .२२-२५० या आजच्या वेगवान काडतुसाच्या तोडीला जातं. भारतात पोचेपर्यंत याला आणखी एक शेपूट लागतं: ".२२ तर आहे, त्याला कसला आलाय कायदा!"

मी अमेरिकेत राहतो. इथे काडतुसं स्वतः भरणं हा कायदेशीर छंद आहे, तो मी करतो आणि हे काडतूस मला मनापासून आवडतं. म्हणूनच हा मजकूर खटकतो. त्यातला काही भाग अर्धसत्य आहे, काही निव्वळ कल्पना आहे आणि एक भाग असा आहे की तो खरा मानून कुणी वागलं तर डोळा गमावू शकतं.

आधी ओळख. हे काडतूस चार्ल्स न्यूटनच्या डोक्यातून आलं. पेशाने वकील असलेला हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. विंचेस्टरच्या .२५-३५ या १८९५ सालच्या काडतुसाची मान (पुंगळीचं गोळी धरणारं तोंड) आवळून त्याने त्यात बारीक गोळी बसवली. सॅव्हेज कंपनीने १९१२ मध्ये ते आपल्या मॉडेल ९९ या लिव्हर रायफलीसाठी (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल) बाजारात आणलं. ७० ग्रेनची (सुमारे साडेचार ग्रॅमची) गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,८०० फूट. त्या काळी हा आकडा ऐकून लोक थक्क झाले असतील. युरोपात हेच काडतूस ५.६ × ५२ आर या नावाने रुजलं.

"या काडतुसाने वाघ मारले."

हो, मारले. हॅरी कॉल्डवेल हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी चीनच्या फूज्येन प्रांतात काम करत आणि तिथे त्यांनी या रायफलीने वाघ मारले. न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे रॉय चॅपमन अँड्र्यूज १९१६ मध्ये त्यांच्यासोबत तिथल्या प्रसिद्ध 'निळ्या वाघा'च्या मागावर फिरले होते. तो वाघ काही हाती लागला नाही. इथवर सगळं खरं आहे.

पण शिकार कशी व्हायची ते बघा. बकरी बांधून, दडून बसून, जवळून. वाघ शांत उभा आहे, नेम धरायला वेळ आहे आणि गोळी कुठे घालायची हे पक्कं माहीत असलेला थंड डोक्याचा माणूस चाप ओढतो आहे. शिवाय दक्षिण चीनचा वाघ आपल्या ताडोबातल्या वाघापेक्षा अंगाने बराच लहान. तिथल्या नराचं वजन साधारण १३० ते १७५ किलो, आपल्याकडचा नर २०० च्या पुढे सहज जातो. कॉल्डवेल यांचं यश हे त्यांच्या हाताचं आणि धीराचं यश होतं. ते काडतुसाच्या खात्यावर जमा करणं हा हिशेबच चुकीचा आहे. या काडतुसाने जखमी होऊन झाडीत निघून गेलेल्या जनावरांच्या गोष्टी कुणी अभिमानाने सांगत नाही, त्यामुळे त्या आपल्यापर्यंत येत नाहीत. फक्त यशाच्या गोष्टी उरतात आणि मग त्यांचाच नियम बनतो.

"वेग असला की वजन लागत नाही."

योगायोग असा, की हॉलंड अँड हॉलंडचं .३७५ मॅग्नम हे मोठ्या शिकारीचं विख्यात काडतूसही १९१२ चंच. दोघांना शेजारी ठेवू. सॅव्हेजची ७० ग्रेनची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिची ऊर्जा साधारण १,६५० ज्यूल असते. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास जाते, म्हणजे वेगाने कमीच, तरी तिची ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या वर. साडेतीन पटींचा फरक. पण नुसत्या ऊर्जेवरही मी अडून बसणार नाही, कारण खरा प्रश्न गोळी आत किती खोल जाते हा आहे. लांब, जड गोळी हाड फोडून पुढे सरकते. १९१२ सालच्या या हलक्या गोळीचं जॅकेट (शिशावरचं धातूचं कवच) पातळ, टोक मऊ शिशाचं. खांद्याच्या हाडावर बसली की ती तिथेच फुटायची. वरवर मोठी, भयानक दिसणारी जखम व्हायची आणि फुप्फुस शाबूत राहायचं. मोठ्या जनावरांच्या बाबतीत या काडतुसाची बदनामी झाली ती याच कारणाने.

पुढच्या पिढ्यांनी यातून काय धडा घेतला तो कायद्यांत लिहिलेला आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार रो नावाच्या लहान हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरतात. त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिमी कॅलिबर आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल लागतात. म्हणजे आपलं हे काडतूस रो हरणासाठी चालतं, सांबरासारख्या लाल हरणासाठी किंवा रानडुकरासाठी चालत नाही. इंग्लंडने १९६३ च्या कायद्यात हरणांसाठी .२४० पेक्षा बारीक रायफलच नाकारली. ज्या काडतुसाने हरीण मारायला तिथे परवानगी नव्हती, ते वाघासाठी पुरेसं आहे असं म्हणणाऱ्याने आधी या कायद्यांना उत्तर द्यावं.

"कंपन्यांनी ते मुद्दाम संपवलं."

याला एक परिच्छेद पुरे. त्याला मागे टाकणारं पहिलं काडतूस खुद्द सॅव्हेजनेच काढलं आणि तेही न्यूटनच्याच हातचं होतं: १९१५ चं .२५०-३०००. त्याच रायफलीत ८७ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,००० फुटांनी. जास्त जड आणि जास्त वेगवान, मग ग्राहक जुन्याकडे कशाला बघेल? १९३० च्या सुमारास .२२ हॉर्नेट आलं आणि छोट्या शिकारीला तेवढं पुरू लागलं. १९३५ मध्ये .२२० स्विफ्टने ४,००० फुटांची वेस ओलांडली. दोन्ही बाजूंनी जागा गेली. यात कट कुठेच नाही. आणि ते संपलंही नाही: चेक प्रजासत्ताकातली सेलिए अँड बेलोट ही कंपनी ५.६ × ५२ आर नावाने ते बनवत आली आहे, कारण मध्य युरोपात रो हरणासाठी मोडत्या (बिजागरीवर वाकवून भरायच्या) रायफलींत आणि तीन नळ्यांच्या ड्रिलिंगमध्ये त्याला हक्काची जागा मिळाली.

".२२ ला कसला कायदा!"

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी हे अगदी स्पष्ट सांगायला हवं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. बोअर बारीक आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. वाघाच्या शिकारीवर १९७० पासून बंदी आहे आणि १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांची सॅव्हेज असेल, तर तिची नोंद, परवाना आणि वारसाहक्काचे कागद याबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात विचारावं. पुढे मी जे लिहितो आहे ते, जिथे हा छंद कायद्यात बसतो तिथल्या लोकांसाठी आहे.

"साध्या .२२ च्या गोळ्या घाला, नवी दारू भरा, .२२-२५० तयार."

इथे मला सावकाश जायचं आहे, कारण इजा होते ती इथे.

पहिली गोष्ट गोळीच्या जाडीची. आजच्या .२२३, .२२-२५० वगैरे सगळ्या काडतुसांत ०.२२४ इंचाची गोळी असते. सॅव्हेजची गोळी ०.२२७ ते ०.२२८ इंच. फरक एका कागदाच्या जाडीएवढा, पण रायफलीच्या दृष्टीने तो प्रचंड आहे. बारीक गोळी आट्यांना (नळीच्या आतल्या सर्पिल खाचांना) नीट धरत नाही, तिच्या कडेने गरम वायू पुढे निसटतो आणि नेम विखुरतो. मुळात पुंगळीच्या मानेतही ती सैल बसते. लोक मग म्हणतात, "हे काडतूसच अचूक नाही." काडतूस अचूक आहे, गोळी त्याची नाही. हॉर्नडी या कंपनीने ०.२२७ इंचाची ७० ग्रेनची गोळी खास याच्यासाठी बनवली, ती मिळेल तेव्हा घेऊन ठेवावी. आणि शंभर वर्षांच्या नळीचं माप छापील आकड्यावर सोडू नये. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हलकेच ठोकत पार करायचा आणि त्यावर उमटलेल्या आट्यांचं माप मायक्रोमीटरने घ्यायचं. जाड गोळी बारीक नळीत गेली तर दाब चढतो, म्हणून हे काम आधी.

दुसरी गोष्ट दाबाची. .२२-२५० हे मुळात .२५०-३००० चीच मान आवळून झालेलं काडतूस. त्याची पुंगळी जास्त पोटाची आणि त्याची दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६५,००० पौंड. सॅव्हेज हाय-पॉवर ज्या घराण्यातलं आहे, त्यातल्या .३०-३० ची मर्यादा ४२,०००. हा फरक दारू बदलून भरून निघत नाही. नवी दारू जादू करत नाही, ती दाबाची चढण थोडी लांबवते एवढंच.

यावर जाणकार माणूस एक आक्षेप घेतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे: मॉडेल ९९ पुढे .३०८ मध्येही निघाली, तिचा दाब ६२,००० पर्यंत जातो, मग अ‍ॅक्शन (काडतूस बंद करून बार झेलणारी यंत्रणा) कमजोर कशी? उत्तर असं, की .३०८ ची ९९ ही १९५० च्या दशकातली, त्या दाबासाठी घडवलेली आणि तपासलेली रायफल. नाव एकच असलं तरी १९१२ ते १९२० मधल्या बंदुकीचं पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी तेच आहे असं धरून चालता येत नाही. शिवाय ९९ चा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. बार उडाला की अख्खा बोल्ट लांबीत किंचित दबतो आणि तेवढीच पुंगळी ताणली जाते. हा ताण प्रत्येक बाराला बुडाजवळच्या पितळात साठत जातो. ड्रिलिंगसारख्या मोडत्या बंदुकांत तर बिजागरीवर भार येतो. अशा बंदुकीत .२२-२५० चा वेग शोधणाऱ्याचा चेहरा त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो.

तिसरी गोष्ट पिळाची. या नळीतल्या आट्यांचा बारा इंचांत एक फेरा होतो. आजच्या लांब, टोकदार, जड गोळ्यांना सात-आठ इंचांचा पीळ लागतो. या नळीतून त्या डगमगत जातील. तशा गोळ्या या जाडीत मिळतही नाहीत, त्यामुळे दूरच्या नेमाचं स्वप्नही बाजूला ठेवावं.

".३०-३० च्या पुंगळ्यांतून सहज बनतं."

बनतं, 'सहज' हा शब्द काढून टाका. .२५-३५ च्या पुंगळ्या मिळाल्या तर काम खरंच सोपं आहे, कारण फक्त मानच बारीक करायची असते. .३०-३० चं बूड तेच असलं तरी तिचा खांदा (मानेखालचा उतार) बराच रुंद आहे, त्यामुळे अंगही आवळावं लागतं. एका दमात डायमध्ये (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यात) रेटलं तर खांद्याला सुरकुत्या पडतात. आधी .२५-३५ ची डाय, मग .२२ ची, मध्ये मान तापवून मऊ करणं, आणि वंगण ना कमी ना जास्त. हे सगळं जमलं तरी एक सापळा उरतो: जाड मान आवळली की पितळ आणखी जाड होतं. गोळी बसवल्यावर ती मान चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) घट्ट बसली, तर बाराच्या वेळी गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि सौम्य भरणीतही दाब उसळतो. म्हणून मान आतून रीमरने किंवा बाहेरून कातून पातळ करावी लागते. त्या फिरत्या मजकुरात या पायरीचा उल्लेखच नसतो.

मग या काडतुसात स्वतः भरण्यासारखं आहे तरी काय? माझ्या मते भरपूर आहे, फक्त ते वरच्या दिशेला नाही. कारखान्याच्या वेगाच्या थोडं खाली, योग्य जाडीच्या गोळीसह, धक्का जवळजवळ नाही, आवाज माफक, आणि दीडशे मीटरपर्यंत ग्राउंडहॉग किंवा कोयोटी अशा इथल्या छोट्या जनावरांसाठी हवा तसा नेम. जुन्या लिव्हर रायफलीचा तोल आणि ही भरणी यांची जोडी मला कुठल्याही नव्या, धडाक्याच्या काडतुसापेक्षा प्यारी आहे. दारूचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते छापील मार्गदर्शिकेतून घ्यावेत, सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी, आणि त्याच्याही खाली आपल्या मनाने उतरू नये, कारण फार कमी दारूही धोक्याची असते.

लिव्हर रायफलीत बोल्ट रायफलीसारखी काडतूस दाबून बसवण्याची ताकद नसते, त्यामुळे पुंगळी दर वेळी पूर्ण मापात आणावी लागते आणि पितळ लवकर थकतं. प्रत्येक भरणीआधी टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून बुडाच्या जरा वर आतून फिरवावी. तिथे तारेला खाच लागली, किंवा बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसलं, तर ती पुंगळी पकडीने चेपून भंगारात टाकावी, मग ती बनवायला संध्याकाळ गेलेली असली तरी.