झाड कसं आहे?

आमच्या मोठ्या जाऊबाई पणजीला राहतात आणि फोनवर तीनच प्रश्न विचारतात. आई कशा आहेत, पाऊस कसा आहे आणि झाड कसं आहे. पहिल्या दोघांबद्दल मी खरं सांगते.

हे झाड अक्षय तृतीयेला घरात आलं. फोंड्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पूर्वी अशा वेळी लोक स्टीलचे डबे, लेमन सेट, गणपतीची तसबीर, फारच जवळचे असले तर भिंतीवरचं घड्याळ आणायचे. आवडायचं नाही, पण डबा माळ्यावर टाकता यायचा. शिवाय पुढच्या कुणाच्या तरी मुंजीत तोच डबा, कागद बदलून, तिसऱ्याच्या गळ्यात मारता यायचा. डब्याला माळ्यावर पाणी घालावं लागत नसे, आणि ‘डबा कसा आहे?’ असा फोन कुणी केल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये सात कुंड्या जमल्या. दोन मनीप्लांट (हे चोरून आणलं तरच लागतं म्हणे, पण आमच्याकडे दोघांनीही रीतसर पावतीसकट दिलं), एक पीस लिली, एक झेडझेड, एक लकी बांबू, जो मुळात बांबूच नाही, आणि एक स्नेक प्लांट. नर्सरीवाल्याने स्नेक प्लांटच्या चिठ्ठीवर दुसरं इंग्रजी नावही लिहिलं होतं, ‘मदर-इन-लॉज टंग’. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

‘‘हाचें नांव कितें गो?’’ त्यांनी विचारलं.

दोन्हींतलं कमी जहाल नाव मी सांगितलं. सापाचं.

सातवं झाड वहिनींचं, म्हणजे पणजीच्या या जाऊबाईंचं, जेड. शुभ्र चिनी मातीची कुंडी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘समृद्धी’, आणि आत बटणांएवढ्या गुबगुबीत पानांचं एक गोंडस झुडूप.

आमच्या सासूबाई सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राहतात. पोफळी, नारळ, केळी, मिरवेल, अननस, सगळं एकमेकांच्या अंगाखांद्यावर. पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं, म्हणून गुडघ्यांच्या भीतीने चार महिने त्या आमच्याकडे येतात. त्यांनी सातही कुंड्यांची शांतपणे तपासणी केली. ‘‘हाका फळ लागता?’’ नाही. ‘‘फूल?’’ त्या लिलीला लागतं म्हणे, आई. ‘‘भाजी जाता?’’ नाही. मग त्यांनी सुनेकडे तपासणी वळवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, हवा शुद्ध होते.

हे मला सातपैकी पाच जणांनी सांगितलं होतं, नासाचा हवाला देऊन. नासाने १९८९ साली अभ्यास केला होता हे खरंच आहे, पण तो बंद पेट्यांमध्ये. आमच्या फ्लॅटला खिडक्या आहेत. २०१९ साली दोन संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा निघालं की खिडकी-दारातून हवा जेवढी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. वरची मर्यादा हजार. आमचा फ्लॅट ६५ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी साडेसहाशे कुंड्या, आणि आम्ही राहायला कुळागरात.

मे महिना मजेत गेला. मी अधूनमधून जेडचे फोटो काढत असे. खिडकीत ऊन, उन्हात जेड, कौतुकाने अकरा फोटो काढले. ही दूरदृष्टी होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग मृग लागला. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कपाटातल्या चपलांवर लव येते, बरणीतलं मीठ रडायला लागतं, पापड तळायच्या आधीच मान टाकतो. आणि जेड पडलं दक्षिण आफ्रिकेचं. पाणी मिळणार नाही या धास्तीने पानांत साठवून ठेवणारं. त्याला बिचाऱ्याला फोंड्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर होतं, ‘पाणी बेताने घालावे’. मी थेंबही घातला नाही, ते काम हवाच करत होती. एका सकाळी पानाला बोट लावलं तर पान बोटाबरोबर निघून आलं. दुसऱ्याला लावलं, तेही आलं. आठवड्यात खोड उकडलेल्या शेवग्यासारखं मऊ झालं आणि ‘समृद्धी’च्या वर निव्वळ माती उरली.

त्याच दिवशी फोन. झाड कसं आहे? मी म्हटलं, छान आहे, आणि मे महिन्यातला एक फोटो पाठवला. मग दर आठवड्याला एक. सातव्या फोटोला वहिनींचा मेसेज आला, ‘जुलैत कोकमाची सोलं वाळत घातलीस?’

मागे सुपात लालजर्द सोलं, त्यांवर रणरणतं ऊन. बाहेर धो धो पाऊस. मी लिहिलं, ‘आमच्या बाजूला थोडा उघडला होता.’

याच काळात आठवं झाड आलं. एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला मी पाहुणी होते. श्रीफळ आणि शाल हल्ली मागासलेली समजतात, म्हणून मला कमरेएवढी अरेका पाम देऊन गौरवलं. वाहन नव्हतं म्हणून पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकलवाला, केला. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर पुढे तो, मागे मी, मध्ये पाम. झावळ्या त्याच्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंनी पुढे आल्या होत्या. पहिल्या वळणावर त्याने विचारलं, ‘‘बाय, तूं झाड धरतली काय म्हाका?’’ पुढच्या वळणावर मी त्याला धरलं. पाम कुठे गेली ते दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपाला सांध्यात एक पिंपळ आलाय. कुणी दिला नाही, कुणी विचारत नाही, सोसायटीने दोनदा तोडला. मजेत आहे.

श्रावणातल्या एका रविवारी वहिनी न सांगता दारात. माझ्या पोटात गोळा. त्या सरळ बाल्कनीकडे निघाल्या, तेवढ्यात आईंनी आवाज दिला, आधी पातोळ्या खा, निवतात. पानांत उकडलेल्या पातोळ्यांचं वाफाळलेलं ताट पुढे आलं. वहिनींनी पहिलंच पान सोलून काढलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

‘‘आई, काय वास आहे! पानं कुळागरातली?’’

‘‘ना गो. तुज्याच झाडाचीं.’’

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. ओट्यामागे कोपऱ्यात, चिनी मातीच्या शुभ्र कुंडीत, ‘समृद्धी’च्या वर हळदीची पानं फूटभर उभी होती. त्यांतली तीनचार बुडाशी कापलेली. कोंब आलेला हळदीचा कंद तिथे कधी खोवला गेला, मला पत्ता नाही.

वहिनी हातातलं पान उलटसुलट करून पाहत होत्या.

‘‘जेडचं?’’

‘‘हय. बरें वाडलां,’’ आई म्हणाल्या. ‘‘आनीक एक घे.’’