अकरा गिअर घेतल्याने चढ सोपा होत नाही

पावसात आणि चढ-उतारावर रोज सायकलने ये-जा करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘हब-गिअरची सायकल घ्या. सगळं डब्यात बंद, पाणी शिरत नाही, देखभाल नाही. आठाऐवजी अकरा गिअर घेतलेत तर चढ आणखी सोपा.’ हब-गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबच्या डब्यात बंद असलेले गिअर. अशी सायकल जरूर घ्यावी. पण यातलं एकेक कारण चुकीचं आहे, आणि त्यांवर विसंबून घेतलेली सायकल पहिल्याच मोठ्या चढावर दम काढते.

‘अकरा गिअर म्हणजे सोपा चढ.’ सुरुवात इथूनच, कारण पैसे इथेच वाया जातात. शिमानो कंपनीच्या 8 गिअरच्या नेक्सस हबमध्ये सर्वांत हलका गिअर 0.527 चा असतो. म्हणजे मागचं स्प्रॉकेट (चेन ज्याला फिरवते ते दातेरी चक्र) एकदा फिरलं की चाक जेमतेम अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त फिरतं. त्याच कंपनीच्या 11 गिअरच्या अल्फाइन हबचा सर्वांत हलका गिअर? तोही 0.527. जास्तीचे गिअर वरच्या टोकाला जातात: आठचा सर्वांत जड 1.615, अकराचा 2.153. मोठं स्प्रॉकेट लावूनही उतारावर पाय रिकामे फिरत नाहीत, एवढा फायदा खरा. शिवाय अकरात पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना 29 टक्क्यांची उडी आहे, आठमध्ये 22 टक्क्यांची. चढाच्या मध्यावर ही उडी मांड्यांना कळते.

चढ सोपा होतो तो दात्यांमुळे. चाकाचा परीघ 2.17 मीटर आणि हब 8 गिअरचा धरा. पुढे 38 आणि मागे 16 दाते असतील तर पहिल्या गिअरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 2.72 मीटर पुढे जाते. मागे 19 दात्यांचं स्प्रॉकेट लावलं की हेच अंतर 2.29 मीटर होतं. मिनिटाला 60 फेऱ्यांनी 16 दात्यांवर वेग ताशी 9.8 किलोमीटर, 19 वर 8.2. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो असेल तर 8 टक्क्यांच्या चढावर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 16 दात्यांवर 213 वॅट लागतात, 19 वर 180. फरक फक्त तीन दात्यांचा! तुलनेसाठी, पुढे 38 आणि मागे 11 ते 34 दात्यांच्या चक्रांचा संच (कॅसेट) असलेल्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या बाहेरच्या गिअरच्या, सायकलला सर्वांत हलक्या गिअरवर 2.43 मीटर मिळतात. मात्र स्प्रॉकेट हवं तेवढं मोठं करू नका. पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर 2 च्या बरंच खाली गेलं की हबच्या आतल्या दातेरी चक्रांवर झेपणार नाही इतका पीळ येतो. तीन गिअरचा हब (सर्वांत हलका 0.733) खऱ्या चढासाठी विचारातही घेऊ नये. आणि 8 टक्क्यांहून तीव्र चढ रोजचा असेल, तर 14 गिअरच्या रोलोफ हबचा 0.279 हाच खरा वेगळा पर्याय, महाग असला तरी.

‘पाणी शिरत नाही.’ हब पूर्ण जलरोधक नाही हे शिमानोची माहितीपुस्तिकाच सांगते, आणि जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवू नका असंही. आसापर्यंत पाण्यात बुडलेली सायकल तर दुरुस्तीला न्यावीच.

पण पावसाळ्यात आधी बिघडते ती गिअर बदलणारी केबल. बाहेरच्या नळीत पाणी साचतं, तार गंजते, ओढ जड होते. मग गिअर अर्धवट बसतो आणि जोर लावताच पॅडल सटकतं. अशीच चालवत राहिलात तर आतल्या खिट्ट्या झिजतात. तपासणी दोन मिनिटांची: नेक्सस 8 मध्ये चौथ्यावरून पहिल्यावर जा, परत चौथ्यावर या आणि हबजवळच्या दोन पिवळ्या रेषा एका ओळीत आहेत का पाहा. नसतील तर केबलचा अॅडजस्टर फिरवून जुळवा. जुळवूनही पुन्हा सरकत असतील तर तार आणि नळी दोन्ही बदला. नुसतं तेल सोडून भागत नाही.

‘देखभाल नाही.’ आहे, कमी आहे. 8 गिअरच्या हबचा आतला भाग दोन वर्षांनी, किंवा वापर जास्त असेल तर सुमारे 5,000 किलोमीटरनंतर, काढून खास तेलात बुडवावा लागतो. अकराच्या हबमध्ये तेलच भरलेलं असतं: पहिल्यांदा 1,000 किलोमीटरनंतर बदलायचं, पुढे दर दोन वर्षांनी किंवा 5,000 किलोमीटरनंतर, 25 मिलिलिटर. चेन तर बाहेरच असते. पूर्ण चेनकव्हर नसेल तर ती चिखलात कुठल्याही चेनसारखीच झिजते. ताण असा ठेवा की मधोमध 10 ते 15 मिलिमीटर वर-खाली हलेल.

उभ्या जागी गिअर बदलता येतो हे खरं, आणि चढावरच्या सिग्नलला त्याचं मोल कळतं. चढात मात्र बदलताना अर्धा फेरा पाय सैल सोडावाच लागतो.

हब-गिअरचं मागचं चाक काढणं अवघड, म्हणून पंक्चर झालं की अडकलो, ही भीती फुगवलेली आहे. चाक न काढताही एका बाजूचा टायर उचलून ट्यूब बाहेर घेता येते. काढायचंच असेल तर पहिल्या गिअरवर आणा, हबजवळ केबल जिच्यावर गुंडाळलेली असते त्या पुलीच्या भोकात 2 मिलिमीटरची अॅलन की घालून पुली फिरवा आणि सैल पडलेली केबल खाचेतून सोडवा. मग 15 मिलिमीटरच्या पान्याने नट सोडवा. आस फिरू न देणारे वॉशर डावी-उजवीकडे वेगळे असतात, ते अदलाबदल होऊ देऊ नका. बसवताना नट 30 ते 45 न्यूटन-मीटरला आवळा, नाहीतर आस फ्रेममध्ये फिरते आणि गिअर पुन्हा सरकतात.