ग्लुटेन फ्री आणि तोच चाकू

आज दुपारी जळगावातल्या एका कॅफेत मी आणि लेक गेलो होतो. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : ग्लुटेन फ्री सँडविच, 240 रुपये. पोरगी अशी हरखली! तीन वर्षांपूर्वी सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्यांना न सोसण्याचा आजार, निघाल्यापासून बाहेरचं सँडविच तिच्या नशिबी नाही. मी सवयीनं काउंटरपाशी जाऊन उभी राहिले. आतल्या मुलानं आधीच्या गिऱ्हाइकाचा साधा ब्रेड कापला, चाकू फडक्याला पुसला आणि तोच आमच्या ब्रेडवर चालवला. ग्रिलही तीच. मी विचारलं, "दादा, ग्रिल वेगळी नाही का?" तर म्हणतो, "ताई, ब्रेड ग्लुटेन फ्रीच आहे ना!"

डोकंच फिरलं. अरे, किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असेल तर पाकिटावर तसं छापता येत नाही, आणि तुमच्या ग्रिलवर गव्हाच्या ब्रेडचा चुरा करपून बसलाय! वजन कमी करायला गहू सोडणाऱ्यांना तेवढ्यानं काही होत नसेल, मान्य. माझी लेक दोन दिवस पोट धरून बसते.

न खाता उठलो. गाडीवर ती एक शब्द बोलली नाही.

घरी आले तर सकाळची कळण्याची भाकरी होती. ज्वारीत अख्खे उडीद आणि खडे मीठ टाकून दळलेली, आपली नेहमीची. तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केली, अर्धी तोडली, कडेनं पापुद्रा अलगद सोडवला. आत कालचं भरीत, कांद्याची पात, लसणाची चटणी. उलथन्यानं दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. लेक ओट्याशी उभी राहूनच खायला लागली. भाकरी गार झाली की तुटते, ब्रेडसारखी डब्यात राहत नाही, हे खरंय. पण चाकूच लागला नाही ना!

आणि नुसती ज्वारी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असतील तर तेच पीठ आपल्या डब्यात येतं. मी घरघंटी घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "गिरणी चार पावलांवर असताना हा कसला थाट?" आता त्या स्वतःच पाहुण्यांना गव्हाचा हात घरघंटीला लावू देत नाहीत. हिंगाची डबीही वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. वरण-बट्टी आणि खापरावरचे मांडे मात्र गेले ते गेलेच. सणाला ते ताट तिच्यासमोरून जातं तेव्हा मला अजून गिळवत नाही.

तो मुलगा सारखा आठवतोय. अठरा-एकोणीसचा असेल. चाकू पुसला तो त्याच्या हिशेबानं स्वच्छच केला त्यानं. त्याला कुणी सांगितलंच नसणार. मी उगाच आवाज चढवला त्याच्यावर. फळ्यावर ते लिहिणारा मालक मात्र समोर यायला हवा होता, त्याला मी सोडलं नसतं.

लेकीनं उद्या डब्यालाही हेच मागितलंय. भरीत संपलंय. आसोद्याकडून कुणी येणार असेल तर दोन किलो भरताची वांगी आणा, पैसे लगेच देते.