शेवटची तीन मिनिटं

१९९४ च्या जॉन टायलर विरुद्ध प्लेनो ईस्ट या टेक्सासमधल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्याची लेखात आठवण काढलीत, फार बरं वाटलं. मी प्लेनोतच राहते. इथली जुनी मंडळी अजूनही या सामन्याचा विषय निघाला की थांबत नाहीत. पण ऑनसाइड किकबद्दल लेखात आणखी यायला हवं होतं. ४१-१७ अशी पिछाडी, जेमतेम तीन मिनिटं उरलेली, आणि त्यात प्लेनो ईस्टने सलग तीन ऑनसाइड किक परत मिळवल्या! किक आपणच मारायची, चेंडू दहा यार्ड पुढे गेला की समोरच्याआधी आपणच त्यावर झडप घालायची. एकदा जमलं तरी नशीब म्हणायचं. २४ सेकंद उरले तेव्हा ते ४४-४१ असे पुढे होते. आणि मग किकऑफवरच, म्हणजे गुण मिळवल्यावर समोरच्यांकडे मारायच्या किकवरच, टायलरच्या खेळाडूची चेंडू घेऊन थेट गोलरेषेपार ती ९७ यार्डांची धाव. ४८-४४, खेळ खल्लास. टायलरची मुलं पुढे राज्यविजेती झाली, त्यांचं कौतुक आहेच. पण माझा जीव तुटतो तो प्लेनोच्या पोरांसाठी. ज्यांनी हा सामना पाहिला नसेल त्यांनी समालोचनासकट पाहा. आनंदाने बेभान झालेले समालोचक त्या धावेनंतर कसे कोसळतात, ते ऐकताना अजूनही पोटात कालवतं.