दहा जीबी भरले आणि काटा बंद

चार दिवस झाले, राग जात नाहीये. आज सगळं लिहूनच टाकतो.

धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंग मिलमध्ये मी हिशेब बघतो. कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याच गळ्यात. दिवाळी उरकली, कापूस यायला लागला. त्या दिवशी सकाळी साडेनऊला भुईकाट्यावर भरलेली ट्रॉली उभी होती. पोराने गाडी नंबर टाकला, वजन पडद्यावर आलं, सेव्ह दाबलं आणि चौकट आली: प्रायमरी फाइलग्रुप इज फुल. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जुन्या पावत्या उघडत होत्या, त्यांच्या प्रिंटही निघत होत्या. नवी पावती मात्र एकही होईना.

मला वाटलं डिस्क भरली. बघतो तर एक टीबीच्या डिस्कवर सातशे जीबी मोकळे! ज्याने हा सगळा सेट विकला त्या डीलरला फोन लावला. म्हणाला, रिस्टार्ट मारा. सगळं एकाच सर्व्हरच्या डब्यात असल्यामुळे एक काटा चालू करायला अख्खं ऑफिस बंद. लॉगिन, फाइली, हिशेब, बिलं, सगळं ठप्प. वीस मिनिटं गेली, चौकट जिथल्या तिथे. चौथ्या फोनला हा माणूस काय म्हणतो? "भाऊ, डेटाबेसची लिमिट संपली. फुकटच्या आवृत्तीत दहा जीबीच असते. आता पुढची घ्यावी लागेल."

असते? तुला माहीत होतं ना? मग विकताना तोंड का उघडलं नाही?

पैसे मोजून घेतलेल्या पॅकेजमध्ये यांनी डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारा प्रोग्राम, बसवला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. ही आवृत्ती कंपनी फुकट देते आणि तिच्या मर्यादा उघडपणे लिहून ठेवते, कुणालाही वाचता येतात. आम्हाला विकणाऱ्याने त्या लपवल्या. आमच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १०,२४० एमबी, त्यापुढे नवी नोंद नाही. प्रोसेसरचे चारच कोअर वापरणार. आणि मेमरी? आम्हाला ‘हेवी मशीन’ म्हणून ३२ जीबी रॅम गळ्यात मारली. २०१६ पासूनच्या एक्सप्रेसमध्ये डेटा मेमरीत धरून ठेवायला मिळतात जेमतेम १,४१० एमबी. हंगामात काटा हळू चालतो म्हणून मागच्या वर्षी याच माणसाने रॅम वाढवायला लावली होती, तेव्हाही याला हे ठाऊक होतं.

बॅकअपचं तर बोलूच नका. कोटेशनवर छापलेलं होतं, ‘रोज रात्री आपोआप बॅकअप’. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी काम चालवणारा एजंटच नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ते वेगळं लावून द्यावं लागतं, आणि ते कुणी लावलेलंच नव्हतं. फोल्डरमधली शेवटची फाइल मार्च महिन्याची. मार्च! मी आठ महिने निवांत झोपत होतो.

हिशेब तरी किती सोपा होता. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वेळा पुढून-मागून फोटो, तेही डेटाबेसमध्येच. गाडीमागे चार फोटो, एक साधारण ५० केबीचा, म्हणजे २०० केबी. हंगामात दिवसाला शंभर गाड्या धरल्या तर २० एमबी. १२० दिवसांचा हंगाम म्हणजे २.४ जीबी. चार हंगामांत ९.६. पाचव्या हंगामाच्या तोंडाशी काटा बंद पडणार हे बसवण्याच्या दिवशी कागदावर मांडता आलं असतं. फोटो डेटाबेसमध्ये न कोंबता साध्या फोल्डरमध्ये ठेवले असते तर दहा जीबी वीस वर्षंही भरले नसते. एवढी अक्कल त्या सॉफ्टवेअरवाल्याला नसेल असं मला वाटत नाही.

बाहेर तोवर गाड्यांची रांग रस्त्याला लागली होती. अमळनेरकडचे एक बाबा पहाटे चारला निघालेले, भाड्याच्या टेम्पोत घरचा कापूस. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "भाऊ, काटा कव्हय चालू व्हई? गाडीवाला भाडं वाढाई मांगी राह्यना." त्यांना काय सांगू? फाइलग्रुप भरला? त्यांच्या भाड्याचे वाढीव पैसे कोण देणार, डीलर? आम्ही हाताने पावत्या फाडायला घेतल्या, तर लोक विचारायला लागले की फोटो नाही, मग वजनाचा पुरावा काय. बरोबरच आहे त्यांचं. काट्यावर विश्वास बसावा म्हणूनच तर कॅमेरे लावले होते.

आणि हे फक्त डेटाबेसपुरतं नाही. लहान धंद्याला विकायचे हे ‘सगळं एकातच’ गाठोड्याचे सर्व्हर बहुतेक असेच बांधलेले असतात. मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर घ्या. ७५ युजरच्या वर जायचं नाही, एका डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या मशीनच्या सामाईक जाळ्यात, असा एकच सर्व्हर, डोमेनची सूत्रं त्याच्याच हातात हवीत. ती दुसरीकडे हलवून ठेवली तर मुदत संपल्यावर तो स्वतःच बंद व्हायचा. २०११ च्या आवृत्तीनंतर तो प्रकारच गुंडाळला. मग आलं विंडोज सर्व्हर इसेन्शियल्स. तिथे २५ युजर, ५० मशीन. सव्विसावा माणूस कामावर घेतला की स्टँडर्ड आवृत्ती घ्या, वर प्रत्येकासाठी वेगळं लायसन्स. म्हणजे धंदा वाढला तर दंड भरा!

आमच्याकडे विंडोजही इसेन्शियल्सच टाकलेलं. "पारोळ्याच्या खरेदी केंद्रावरून रिमोटने काम करा, कुठूनही करा," असं विकताना सांगितलं होतं. लोकांना एकत्र बसून काम करायला लागतो तो रिमोट डेस्कटॉपचा भाग या आवृत्तीत मिळतच नाही. देखभालीसाठी दोन जण आत येऊ शकतात, बस्स. पारोळ्याचा पोरगा आजही रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल पाठवतो आणि मी इथे बसून तेच आकडे पुन्हा टाकतो.

सगळ्यात डोक्यात कशाने गेलं सांगू? एक्सप्रेसची मर्यादा २००५ साली ४ जीबी होती. २००८ आर२ मध्ये १० झाली. ती पंधरा वर्षं हलली नाही, आणि २०२५ च्या आवृत्तीत एकदम ५० केली. म्हणजे दहाव्या जीबीला यंत्र थकतं असं काही नाही. तो कुणीतरी ठरवलेला आकडा आहे. फुकट देणाऱ्याने तो ठरवावा, त्याचा हक्क आहे. पण फुकटचं आणून आम्हाला विकत देणाऱ्याने तो लपवायचा?

शेवटी मीच बसलो. आधी हाताने बॅकअप घेतला, तो उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर पाहिलं, आणि पहिल्या दोन हंगामांचे फोटो उडवले. आत जागा मोकळी झाली, दुपारी सव्वातीनला पहिली पावती निघाली. बाबांची गाडी आधी घेतली. फोटो बॅकअपमध्ये आहेत, पण उद्या कुणी जुन्या वजनावरून वाद घातला तर ते शोधून काढायला अर्धा दिवस जाईल.

काल डीलरचा माणूस नवं कोटेशन घेऊन आला. वर ठळक अक्षरात ‘ऑल इन वन’, खाली लाखांतला आकडा. रॅम लिहिलीय, डिस्क लिहिलीय. डेटाबेस किती जीबीला थांबतो, किती जण एका वेळी चालतात, बॅकअप कोण लावून देणार, यातलं एक अक्षर नाही. मी तो कागद तसाच परत दिला. सांगितलं, या तीन गोष्टी लिहून सही-शिक्क्यासह आणा, तोवर मालकांपर्यंत जायचं नाही. अजून आलेला नाही.