तिसऱ्या कपाचा नाद

"आवडीचंच काम मिळालं, नशीबवान आहेस," असं कुणी म्हणालं की मी हो म्हणते. पण ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं आज लिहून टाकते, कारण गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलंय, "नोकरी सोडून कॉफीत येऊ का?"

मी सात वर्षं लेखापरीक्षणात होते. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. कॉफी दिवसातून तीन वेळा प्यायचे, झोप उडवायला. मग एका मैत्रिणीनं इथिओपियातली, धुऊन वाळवलेली कॉफी करून दिली. दूध नाही, साखर नाही. कपातून जाईच्या फुलांसारखा वास येत होता आणि घोट घेतला तर लिंबाच्या सालीची आठवण झाली. मी विचारलं, यात काय घातलंयस? ती म्हणाली, काहीच नाही.

त्या "काहीच नाही"नं मला घराबाहेर काढलं म्हणा ना. मग वाचत सुटले. कॉफीची बी एका लाल फळातली. गर काढून, आंबवून, धुऊन ती वाळवली की चव स्वच्छ, आंबटसर लागते. फळासकट उन्हात वाळवली की गोडसर, पिकल्या फळासारखी. एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली फळं, आणि दोन चवी! मी एक वही सुरू केली. रोजच्या कपाचा वास, आंबटपणा, घोट गेल्यावर मागे काय उरतं, सगळं लिहायचे. हिशेब तपासणाऱ्या बाईला नोंदी ठेवायची सवय असतेच. दोन वर्षांत वह्या चार झाल्या आणि मी चव पारखणाऱ्यांच्या परीक्षेला बसले.

नापास झाले. तीन कप समोर ठेवतात, दोन एकाच कॉफीचे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. दिवे लाल, म्हणजे रंगावरून ताडता येऊ नये. माझं कॉफीवर एवढं प्रेम, आणि तो तिसरा कप मला सापडेना. घरी येऊन रडले. मग दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे तीन कप मांडायला लागले, कुणाकडून तरी अदलाबदल करून घ्यायचे. आठ महिने. जीभ उपजत लागते असं लोक समजतात, ते मला अजिबात पटत नाही. तिला वळण लावावं लागतं.

आता मी कॉफी भाजणाऱ्या एका कारखान्यात दर्जा तपासते. प्रत्येक नमुन्याचे पाच कप. १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटांनी वर आलेला कॉफीच्या पुडीचा थर चमच्यानं फोडायचा आणि नाक अगदी खाली न्यायचं, कारण तो वास एकदाच भेटतो. मग निवू द्यायचं. गरम असताना कॉफी बरंच लपवते. थंड होत जाते तसतसे तिचे गुण-दोष उघडे पडतात. जोरात भुरका मारायचा आणि थुंकायचं. हो, थुंकायचं! दिवसाला पन्नास कप पोटात घेतले तर माणूस थरथरत बसेल.

पाचही कपांची बी वेगवेगळी तोलून वेगवेगळी दळतात. रवांडा, बुरुंडीकडच्या कॉफीत कधी कधी एखादी बी अशी निघते की अख्ख्या कपाला कच्च्या बटाट्याचा वास येतो. सगळं एकत्र दळलं तर ती एक बी पाचही कपांत पसरते आणि चांगल्या कॉफीवर उगाच डाग लागतो. हे मला कळलं त्या दिवशी वाटलं, आपण आलो ती जागा बरोबर आहे. इतकी न्यायाची काळजी मी फार थोड्या कामांत पाहिलीय.

एर्ना नुटसेन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. सॅन फ्रान्सिस्कोत कॉफी आयात करणाऱ्या कंपनीत त्या सचिव होत्या, चाळिशी ओलांडलेल्या. चव पारखण्याच्या खोलीत बाई नको म्हणून पुरुष अडून बसले होते. त्या तरीही शिकल्या, १९७४ साली 'स्पेशालिटी कॉफी', म्हणजे खास चवीची, वरच्या दर्जाची कॉफी, हा शब्द त्यांनीच रूढ केला, आणि पुढे ती कंपनीच विकत घेतली. चाळिशीत सुरुवात! मला उशीर झाला असं वाटायचं तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचे.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर: कॉफी किती आवडते ते सोडा. तीच कॉफी चाळिसाव्यांदा चाखताना पहिल्या वेळेइतकंच लक्ष देता का? देत असाल तर या, पगार सुरुवातीला कमी होईल तो सोसा. कॅफेतला उजेड आणि गप्पा आवडत असतील तर तीही सुंदर गोष्ट आहे, पण ते वेगळं काम.

कॉफीला शंभरपैकी गुण देतात, त्या पद्धतीत ८० ही स्पेशालिटी कॉफीची रेघ. तिच्या वर गेलं की बागाईतदाराला भाव वेगळा मिळतो. परवा एका छोट्या बागेचा नमुना आला, इतका गोड की मला तो वर न्यायचाच होता. तिसऱ्या कपात मात्र जास्त आंबल्याचा, व्हिनेगरसारखा वास. पुन्हा दळली, पुन्हा मांडली. पुन्हा एका कपात तोच. ७८.५ लिहिले तेव्हा हात जड झाला होता. मग बसून त्यांना दोन पानांचं पत्र लिहिलं: वास कसा होता, वाळवताना थर कुठे जाड राहिला असेल, उलथापालथ किती वेळा करून बघावी. पुढच्या हंगामाचा पहिला नमुना मलाच पाठवा, असंही शेवटी लिहिलंय.