बेडपॅन द्यायला कुठली डिग्री लागते?

मी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट आहे. आज कामावर पोचले, बॅज टॅप केला, आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायच्या आतच ऑफिसातून बोलावणं. राइट-अप, म्हणजे लेखी ताकीद! कारण काय, तर रेसिडेंटच्या, म्हणजे इथे राहणाऱ्या एका आजींच्या कॉल लाइटला (मदतीसाठी बटण दाबलं की लागणारा दिवा) वेळेवर प्रतिसाद दिला नाही. कागद वाचताना रागाने माझे हात थरथरत होते. कारण त्या लाइटला प्रतिसाद दिला गेला होता. नर्स आत गेली होती. तिने आजींचं म्हणणं पूर्ण ऐकलं, भिंतीवरचं बटण दाबून लाइट बंद केला आणि ती बाहेर पडली. बेडपॅन न देता.

बेडपॅन त्याच खोलीत होतं. पलंगाशेजारच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. ग्लोव्हजची पेटी भिंतीवर. आजी स्वतः गुडघे दुमडून कंबर उचलतात, दुसऱ्या माणसाचीसुद्धा गरज पडत नाही. दोन मिनिटांचं काम. ते सोडून ही नर्सबाई अख्खा हॉल, म्हणजे खोल्यांमधला लांब कॉरिडॉर, चालत आली, एकेका खोलीत डोकावत, मला शोधत.

मी तेव्हा पडद्याआड एका आजोबांना कुशीवर वळवून साफ करत होते. पलंग कमरेइतका वर घेतलेला, माझा एक हात त्यांच्या खांद्यामागे, दुसऱ्या हातात वॉशक्लॉथ. उजवी बाजू लुळी असलेला माणूस, मी हात काढला तर सरळ खाली. अशा वेळी दारावर टकटक न करता पडदा बाजूला सारून बाईसाहेब आत. उघड्या पडलेल्या माणसासमोर उभं राहून म्हणाली, "तुझा लाइट लागला होता. बेडपॅन मागतायत."

माझा लाइट? माझ्या घरचा आहे का तो?

मी नीट बोलले. म्हटलं, मी मध्येच आहे, तू देशील का प्लीज? तर म्हणे, माझा मेड पास चालू आहे. मेड पास म्हणजे औषधं वाटायची फेरी, तिची घाई मला कळते. औषधं ठरल्या वेळेच्या आसपासच द्यावी लागतात, कार्टवर मध्येच कोणी काही विचारलं तर चूक होऊ शकते, हे मी रोज बघते. पण मला हुडकत चालत यायला वेळ होता ना? तेवढ्यात बेडपॅन देऊन झालं असतं, वर हातही धुऊन झाले असते.

मी आजोबांना अर्धवट सोडू शकत नव्हते. कोरडं करा, ब्रीफ (मोठ्यांचा डायपर) बांधा, टाचा उशीवर उचलून ठेवा, पलंग खाली घ्या, कॉल लाइट त्यांच्या चांगल्या हाताशी द्या, ग्लोव्हज काढा, हात धुवा. मग पळत गेले. आजींची चादर, गाऊन, खालचं पॅड, सगळं भिजलेलं. आणि त्या माझी माफी मागत होत्या! नव्वदीच्या पुढची बाई, आयुष्यभर शाळेत शिकवलेली, तोंडावर हात घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणत होती. का सॉरी? तुम्ही वेळेत बटण दाबलंत. तुम्हाला कळतं, धरून ठेवता येतं, सांगता येतं. वेळेवर यायचं होतं ते आम्ही नाही आलो. या बाईंना अजून ब्रीफ लागत नाही, आणि अशीच चार-पाच वेळा चादर भिजली की कोणीतरी म्हणणार, आता यांना ब्रीफ घाला. मग ओली त्वचा, मग माकडहाडाशी लाल चट्टा, मग जखम. नाहीतर वाट बघून कंटाळलेल्या आजी स्वतःच उठायला जाणार आणि खुबा मोडून घेणार. एका बेडपॅनपासून सुरू होतं हे सगळं, आणि हे नर्सला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. ती शिकलीय ना!

तेवढ्यात त्यांची मुलगी आली. तिने चादर बघितली, आईचा चेहरा बघितला, आणि तरातरा नर्सेस स्टेशनला गेली. तिचं काहीच चुकलं नाही. मीही तेच केलं असतं. नर्सने तिला शांतपणे सांगितलं, की मी सीएनएला ताबडतोब कळवलं होतं. चार्टमध्येही तेच लिहिलं. कळवलं म्हणजे नर्सची जबाबदारी संपली. सिस्टिममध्ये तर लाइट काही मिनिटांतच बंद झालेला दिसतो, म्हणजे रिपोर्टात आमचा हॉल एकदम चोख. तक्रार मात्र आली, आणि तक्रार आली की कोणाचं तरी नाव कागदावर लागतं. ते नाव कायम सीएनएचंच असतं.

बेडपॅन देणं नर्सच्या कामात बसत नाही असं कुठल्या राज्याचा कायदा म्हणतो, मला दाखवा. नर्सिंग शाळेत पहिल्या सेमिस्टरला हेच शिकवतात, बेडपॅन, बेड बाथ, पलंग बदलणं. आमच्याकडे रात्रपाळीला एक आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आहे, लाइट दिसला की आत जाते, काय लागेल ते करते आणि जाता जाता सांगते, "दिलंय, दहा मिनिटांनी काढून घे." तिच्यासाठी मी डबल शिफ्टसुद्धा करेन. म्हणजे जमतं. ज्यांना करायचं असतं त्यांना जमतं.

आणि "वेळेवर" हा शब्द त्या ऑफिसात बसून लिहिणाऱ्यांनी तर लिहूच नये. त्या संध्याकाळच्या शिफ्टला माझ्याकडे चौदा जण होते, कारण दोघींनी कॉल-आउट केलं, म्हणजे येत नाही म्हणून कळवलं, आणि बदली कोणी बोलावलं नाही. आठ तासांची ४८० मिनिटं, भागिले चौदा. माणशी ३४ मिनिटं. त्यात जेवण भरवणं, तोंड आणि कवळ्या धुणं, कपडे बदलणं, टॉयलेट, पलंगावर निजवणं, ज्यांना वळवायचं त्यांना दर दोन तासांनी वळवणं, किती प्यायलं आणि किती लघवी झाली ते मिलिलिटरमध्ये लिहिणं, आणि शेवटी चार्टिंग, कारण चार्ट केलं नाही म्हणजे केलंच नाही. मी पाणी प्यायला, बाथरूमला गेले तर ते कोणाच्या ३४ मिनिटांतून कापू?

इथल्या केंद्र सरकारने २०२४ साली नर्सिंग होमसाठी नियम काढला होता. प्रत्येक रेसिडेंटमागे दिवसाला ३.४८ तास नर्सिंग केअर, त्यातले २.४५ तास नर्स एडचे, म्हणजे आम्हा सीएनएंचे, आणि चोवीस तास एक आरएन हजर. २.४५ म्हणजे दिवसभरात १४७ मिनिटं, तिन्ही शिफ्ट मिळून. हे काही डोक्यावरून पाणी नव्हतं, तरी वाचून मला आशा वाटली होती, खोटं का बोलू? नर्सिंग होम उद्योगवाले कोर्टात गेले, म्हणाले माणसं मिळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशाने ते आकडे रद्द केले, आणि जुलैमध्ये संसदेने कायदा करून अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली. माणसं मिळत नाहीत म्हणे! माणसं मिळतात, टिकत नाहीत. पाठ जाते, म्हणून टिकत नाहीत. शेजारच्या गोदामात तासाला तेवढेच पैसे मिळतात आणि तिथल्या खोक्यांना वाट बघताना रडू येत नाही, म्हणून टिकत नाहीत. २०२३ साली या देशात नर्सिंग असिस्टंटची मधली वार्षिक कमाई ३८ हजार डॉलरच्या आसपास होती. त्यात एका खोलीचं भाडं, गाडी आणि इन्शुरन्स बसवून दाखवा.

पाठीचा विषय निघालाच आहे तर हॉयर लिफ्टचंही, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलायच्या यंत्राचंही बोलते. पॉलिसी म्हणते दोन माणसं. वेळापत्रक देतं एक. दुसरीची वाट बघत थांबले तर "तू फार स्लो आहेस", आणि एकटीने केलं आणि काही झालं तर "तू पॉलिसी मोडलीस". निओश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने माणूस हाताने उचलायची शिफारस केलेली मर्यादा ३५ पौंड आहे, म्हणजे जेमतेम १६ किलो. नुसता एक पाय उचलला तरी त्याच्या जवळपास जातो. कोणाची पाठ धरली की पहिला प्रश्न, बॉडी मेकॅनिक्स नीट होते का? लिफ्टची बॅटरी चार्ज होती का, स्लिंग, म्हणजे ती झोळी, योग्य मापाची होती का, हे कोणी विचारत नाही.

ट्रेनिंगमध्ये यातलं काही सांगत नाहीत. १९८७ च्या कायद्याने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग ठरवलं, त्यातले निदान १६ तास प्रत्यक्ष सरावाचे. आज इतकी वर्षं झाली, केंद्राचा आकडा तोच. कॅलिफोर्निया १६० तास मागतं, मेन १८०, पण बऱ्याच ठिकाणी अजून त्या ७५ च्या आसपासच. आणि त्या वेळात जे शिकवतात ते चांगलं शिकवतात, हेच मला जास्त लागतं. शर्ट घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. व्हीलचेअरचे ब्रेक लावल्याशिवाय माणसाला तिच्यात बसवू-उठवू नका. आत जाण्याआधी दार वाजवा, नाव सांगा, काय करणार ते सांगा, निळा घालायचा की पांढरा ते विचारा. टेस्टला एकच माणूस, एकच परीक्षक. तिथे कॉल लाइट हाताशी द्यायला विसरलात तर गुण जातात. मग फ्लोअरवर पाऊल टाकलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सीनियर कानात सांगते, "ते सगळं विसर, इथे तसं चालत नाही." का नाही चालत? शर्टाचा रंग विचारायला किती वेळ लागतो? मी विचारते. चौदा असले तरी विचारते, आणि त्यासाठी मला स्लो म्हटलेलं चालेल.

संध्याकाळी वॉशक्लॉथ संपलेले असतात, हेही एकदाचं लिहून टाकते. लिनन कार्ट रिकामी, लॉन्ड्री बंद, आणि मी उशीच्या अभ्र्याने माणसं पुसायची. ब्रीफ मोजून देतात, आणि मध्यम मापाचं संपलं की मोठं घाला म्हणतात. मग गळतं आणि पुन्हा पूर्ण पलंग बदला. पण स्टेटचे सर्व्हेयर, म्हणजे राज्याचे तपासनीस, दारात आले की त्याच दिवशी कार्ट ओसंडून वाहतात! डीओएन, म्हणजे नर्सिंगची मुख्य अधिकारी, स्वतः ट्रे वाढते, ऑफिसातल्या सगळ्याजणी लाइट घ्यायला धावतात, ज्यांनी वर्षभर हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही त्या "काही हवंय का" विचारत फिरतात. सर्व्हे संपला, गाडी फाटकाबाहेर गेली, की सगळं गायब. सर्व्हे दर पंधरा महिन्यांत एकदा तरी व्हावाच लागतो. उरलेल्या दिवसांत त्या आजी-आजोबांना लघवी लागत नाही का?

जूनमध्ये नर्सिंग असिस्टंट सप्ताह असतो. पिझ्झा येतो, दिवसपाळीला. आम्ही पोचतो तेव्हा रिकामी खोकी कचऱ्याच्या डब्याशी. मला पिझ्झा नकोच आहे. मला तिसरी सीएनए हवी आहे.

आणि आपली मंडळी! दर गेट-टुगेदरला कोणीतरी विचारतंच, "अजून तेच करतेस? पुढे नर्सिंग का नाही करत?" त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, घाण काढायचं काम. घाण नाही ती, माणूस आहे तो. तुमची आई पडून असेल तेव्हा तिचं बूड कोण पुसणार, ते आजच ठरवून ठेवा, आणि जी पुसेल तिच्याशी जरा मानाने बोला.

राइट-अपवर सही केली, पण कर्मचाऱ्याच्या म्हणण्याच्या रकान्यात सगळं लिहून. लाइट कोणी बंद केला, किती वाजता, मी तेव्हा कुठल्या खोलीत होते, आम्ही किती जणी होतो. जागा संपली तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. मॅनेजर म्हणाली एवढं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, आहे. आजींच्या मुलीलाही सांगितलं, लॉबीतल्या भिंतीवर ओम्बड्समनचा नंबर लावलेला आहे, तो रेसिडेंटच्या तक्रारी ऐकायलाच असतो, फोन करा.

नवीन येणाऱ्या मुलींना तर मी आता पहिल्याच दिवशी सांगणार आहे. कोर्सचे पैसे स्वतः भरले असतील आणि वर्षाच्या आत मेडिकेअर-मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये लागलीस, तर ते परत मिळायची तरतूद आहे, विचार, आपणहून कोणी सांगणार नाही. हॉयर एकटीने करू नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. सलग दोन वर्षं पगारी काम केलं नाहीस तर रजिस्ट्रीसाठी, म्हणजे सीएनएंच्या सरकारी यादीत राहायला, पुन्हा टेस्टला बसावं लागतं, म्हणून चिडून सोडलंस तरी तारीख लक्षात ठेव. आणि जेवणाचा अर्धा तास पगारातून आपोआप कापतात, तू जेवलीस की नाही हे मशीन बघत नाही. ब्रेक मिळाला नाही तर त्याच दिवशी फॉर्म भर, सुपरवायझरची सही घे, आणि त्याचा फोटो काढून स्वतःकडे ठेव.